हातमोज्याची धार

शहापूरच्या एका खोलीत, डोक्याला वायरी लावून, खिडकीच्या गजाला टांगलेल्या रबरी हातमोज्याची मी धार काढलेली आहे. हातमोजा म्हणजे डॉक्टर लोक घालतात तोच. आत नळाचं पाणी, बोटांच्या टोकांना सुईने पाडलेली भोकं आणि खाली प्लास्टिकची बादली. दारावरून जाणारा-येणारा वाकून बघायचा. एकाने माझ्या बायकोला हळूच विचारलं, काकांना डोक्याचं काही आहे का. ती म्हणाली, "डोक्याचंच हाय, पण तुला वाटतंय तसलं नाय."

आमच्या गावात ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी फिरते. कुणी म्हणतं शॉक देऊन बरा केला, कुणी म्हणतं अंगात आलं होतं. म्हणून एकदा मीच सांगून टाकतो.

मी खर्डीजवळच्या खेड्यातला. थोडं भात, आणि बाकीचं आयुष्य आसनगावच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टा करण्यात गेलं. कंपनी सुटली तेव्हा मुरबाडकडून एक म्हैस आणली. सगळे म्हणाले, आता या वयात कशाला नसती ब्याद. पण मला पहाटे उठायची सवय, आणि उठून करायचं काय? म्हैस तशी देखणी, पण भलतीच मानी. माझ्याशिवाय कुणी कासेला हात लावला की दूध चढवून घ्यायची. बायकोशी तर तिचं उभं वैर. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्या दोघींच्या भांडणात मी कायम मध्ये.

गणपती गेल्यावरची गोष्ट. सकाळी धार काढत बसलो होतो. डाव्या हाताखाली चरवीत धार पडत होती आणि उजव्या हाताची एकदम बंद झाली. मला वाटलं सडाला काही झालं. म्हशीला एक शिवी हासडली. परत दाबायला गेलो तर हात सडावर नुसता ठेवल्यासारखा. मग शिवीसुद्धा नीट येईना, जीभ एका बाजूला ओढायला लागली. बायको अंगणात होती, तिने माझं तोंड बघितलं आणि शेजारच्यांच्या जीपला हाक मारली. वेळेत नेलं म्हणून वाचलो, असं डॉक्टर म्हणाले. लकवा होता.

पाय लवकर आला. काठी घेऊन, मग काठी टाकून मी चालायला लागलो. जीभही वळणावर आली, आणि बायकोच्या मते ती नसती आली तरी चाललं असतं. हात मात्र आला नाही. खांद्यापासून हलायचा, कोपरात वाकायचा, पण पंजा म्हणजे दुसऱ्याचा माझ्या अंगाला लावून दिलेला. मी त्याला सांगायचो, मिटून घे. तो विचार करत बसायचा. मग पाची बोटं एकदम, कशीबशी, अर्धवट मिटायची.

आमच्याकडे लकव्याची पथ्यं ठरलेली. हाताला वारा लागू द्यायचा नाही, गार पाणी लागू द्यायचं नाही, लोकरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि हलवायचा तर मुळीच नाही. बायकोने हे सगळं इतकं मनापासून केलं की माझा हात पाळण्यातल्या पोरासारखा झाला. जेवण तिनेच भरवायचं, बटणं तिनेच लावायची. मला लाज वाटायची आणि राग यायचा, आणि राग आला की मी तो तिच्यावरच काढायचो. ती ऐकून घ्यायची नाही. हेही बरंच.

धार आता ती काढायची. म्हशीचे मागचे पाय दोरीने बांधून, तोंडापुढे पेंड ठेवून. म्हैस निम्मं दूध द्यायची आणि निम्मं वर ठेवायची. एके दिवशी दोरी सुटली आणि बायकोच्या गुडघ्यावर लाथ बसली. ती लंगडत घरात आली, खाटेवर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पौषात मुरबाडकडं गुरांचा बाजार भरतो. तवर तुमचा हात आला तर आला. नायतर म्हैस देऊन टाकायची. माझ्याच्यानं आता होत नाय."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण म्हैस गेली की सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसणारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांच्यात जाऊन बसायची मला भीती वाटत होती, आणि ती भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

दिवाळीच्या सुमाराला कळलं की शहापुरात एका व्यायामोपचार केंद्रात डोक्याला बारीकसा करंट देऊन हात हलवायला शिकवतात. चिरफाड नाही, सुई नाही. ठाण्याचे एक मोठे डॉक्टर तपासून जातात आणि रोजचं काम एक तरुण मुलगी बघते. ती मुरबाडची, आम्हाला काका-काकू म्हणायची आणि आम्ही तिला मॅडम. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, सगळ्यांना गुण येतोच असं नाही. काहींना बराच येतो, काहींना काहीच नाही. डॉक्टर लोकांचंही यावर अजून एकमत नाही. चालेल?" मला तिचं हे बोलणं आवडलं. खात्री देणारी माणसं मी बरीच बघितली होती.

मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिला दोन वायरी, वायरींना दोन ओले स्पंज. एक डोक्याच्या डाव्या बाजूला, दुसरा उजव्या भुवईच्या वर. हात उजवा आणि स्पंज डावीकडे, हे बायकोला पटेना. मॅडमने समजावलं की उजव्या हाताचा कारभार डोक्याच्या डाव्या बाजूने चालतो. बायकोचं तोंड पडलं, कारण ती इतके दिवस उजव्या बाजूला तेल जिरवत होती.

आणि त्या तेलानेच पहिला दिवस घालवला. पट्टा बांधला, बटण दाबलं, मशीन टूं टूं करून बंद. परत लावलं, परत बंद. मॅडमने वायर बदलली, स्पंज बदलले. शेवटी माझ्या केसांना बोट लावून बघितलं, तर बोट चपचपीत. तेलातून करंट जाईना. मग मला नळाखाली वाकवून शाम्पूने डोकं धुतलं. बायको बाजूला उभी राहून धुसफुसत होती, "दवाखान्यात जाताना डोकं कोरडं ठेवून कोण जातं? लोक काय म्हणतील, घरात बाई नाय?"

दुसऱ्या खेपेला करंट सुरू झाला. सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं, मग काही कळत नाही. मॅडमने माझ्यापुढे एक लाकडी पाटी ठेवली, तिला भोकं, आणि शेजारी वाटीत छोट्या खुंट्या. "करंट चालू आहे तोवर उजव्या हाताने एकेक खुंटी उचलून भोकात घालायची. जमेल तेवढं," असं सांगून ती पडद्यापलीकडच्या दुसऱ्या पेशंटकडे गेली.

मी एक खुंटी उचलायला गेलो, ती घरंगळत खाली. दुसरीही खाली. माझ्या कपाळाला घाम आला. बायकोने ते बघितलं. "तुमी पडा," ती म्हणाली. "डोळे मिटून गप पडा." आणि तिने पाटी आपल्या मांडीवर घेतली आणि खुंट्या भराभर भोकांत बसवून टाकल्या.

मॅडम परत आली, भरलेली पाटी बघून खूश झाली. मीही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सलाईन लावलं की माणूस पडून राहतो आणि औषध आपलं काम करतं, हे आम्हाला ठाऊक. मग करंट लावल्यावर माणसाने मजुरी कशाला करायची? पुढच्या खेपांनाही तेच. मी डोळे मिटून करंट घ्यायचो, बायको खुंट्या बसवायची, आणि घरी येऊन मी फडक्यात हात गुंडाळून झोपायचो.

मॅडमकडे हाताची ताकद मोजायचं एक यंत्र होतं. दाबलं की काटा हलतो. माझा काटा जागचा हलेना. तिला कोडं पडलं. पाटी तर रोज भरतेय. तिने स्पंजची जागा तपासली, ठाण्याच्या डॉक्टरांना फोन केला. मग एक दिवस काहीतरी विसरलं म्हणून ती मध्येच पडदा सारून आत आली, तर मी घोरत होतो आणि काकू खुंट्या लावत होत्या.

तिने मशीन बंद केलं. मला वाटलं आता हाकलून देते. पण बायकोनेच आधी तोंड उघडलं. "आजारी माणूस हाय, गो. त्यात डोक्यात करंट चाललाय, आणि वर तू त्याला कामाला लावतेस? जरा दया कर की."

मॅडम हसली, पण लगेच स्टूल ओढून समोर बसली. तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मेंदूत हाताची जागा असते. तिथल्या पेशींना एक रसायन धरून ठेवतं, गाडीच्या ब्रेकसारखं. त्याला गाबा म्हणतात. ब्रेक हवाच, नाहीतर हात भलतंच काहीतरी करत सुटेल. पण नवीन काही शिकायचं असतं तेव्हा तो ब्रेक त्या जागी थोडा सैल व्हावा लागतो, तेव्हा पेशी एकमेकींशी नव्या गाठी बांधतात. करंटने तो ब्रेक थोडा वेळ सैल होतो. मोठ्या मशीनमध्ये माणसाला झोपवून हे रसायन मोजतासुद्धा येतं. काही ठिकाणी असं दिसलंय की ज्यांचं ते जास्त उतरतं ते हाताचं काम लवकर शिकतात. "पण काका, करंट काहीच शिकवत नाही. तो फक्त सैल करतो. शिकायचं हातानेच. आणि त्या वेळात तुम्ही झोपलात तर ते परत घट्ट होऊन जातं."

मी विचारलं, "म्हणजे चिखलणी करून ठेवली आणि आवण लावलंच नाही, असं?"

ती म्हणाली, "तसंच."

हे मला कळलं. चिखलणी केलेल्या खाचरात त्याच दिवशी रोपं गेली पाहिजेत. चार दिवस तसंच टाकलंत तर चिखल बसतो आणि बोट आत जात नाही. मी इतके दिवस रोज चिखलणी करून बांधावर झोपलो होतो.  स्टेशनवर जाताना रिक्षात बायको एवढंच म्हणाली, "मला वाटलं तुमचं भलं करतेय." तिचा आवाज असा झाला होता की मला तिच्यावर रागावता येईना, आणि मला रागवायचं नव्हतंही.

लोकरीचं फडकं त्याच दिवशी गेलं. पुढे मी खुंट्या उचलायचो तेव्हा बायको माझ्याकडे पाठ करून बसायची. बघवत नाही म्हणायची. खुंटी खाली पडल्याचा आवाज आला की तिचे खांदे हलायचे, पण ती वळली नाही. मी घामाघूम व्हायचो, चिडायचो, मॅडमला म्हणायचो की ही पोरांची खेळणी माझ्यापुढून उचल. ती खाली पडलेल्या खुंट्या गोळा करून परत वाटीत ठेवायची. मार्गशीर्षात एक दिवस पाटी भरली. सगळी मीच भरली. बायकोने वळून बघितलं, पाटीवरून हात फिरवला आणि पदराने डोळे पुसले. यंत्राचा काटाही हलला होता.

त्या संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात गोठ्यात गेलो. म्हैस मला बघून हुंकारली. मी बसलो, कास धुतली, तिने लगेच पान्हा सोडला. डाव्या हाताची धार लागली. उजव्या हाताने सड धरला, दाबला, आणि थेंब नाही. परत दाबला. सडातलं दूध खाली यायच्या ऐवजी वर कासेतच परत जात होतं. म्हैस पाय आपटायला लागली. मी चरवी भिंतीवर फेकली.

पुढच्या खेपेला मी मॅडमवरच ओरडलो. "काय उपयोग तुझ्या खुंट्यांचा? मला काय खुंट्या विकायच्यात?" अख्खं केंद्र ऐकत होतं. ती शांतपणे म्हणाली, "हात जे करतो तेच शिकतो, काका. तुम्ही खुंट्या केल्या, खुंट्या आल्या. मला आधी सांगायचं होतं ना, धार काढायचीय म्हणून. दाखवा कशी काढतात."

मी डाव्या हाताने हवेत दाखवलं. आधी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांनी सड वरून आवळायचा, म्हणजे दूध माघारी जात नाही. मग मधलं बोट, मग त्याच्या खालचं, मग करंगळी, असं वरून खाली एकापाठोपाठ मिटत जायचं. माझा उजवा हात पाची बोटं एकदम मिटत होता. तिथेच सगळं अडलं होतं. इतकी वर्षं मी हे करत होतो, पण बोटं अशी पाळीपाळीने मिटतात हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

 मॅडमने कपाटातून रबरी हातमोजा काढला, नळाखाली भरला, मनगटाकडे गाठ मारली आणि गजाला टांगला. सुईने भोकं पाडली. आधी स्वतःच दाबून बघितला, तर पाण्याची चिळकांडी तिच्याच चष्म्यावर. त्या दिवशी पहिल्यांदा माझी बायको त्या खोलीत मोकळी हसली.

हातमोजा लबाडी करू देत नव्हता. वरून आवळलं नाही की पाणी गुपचूप वर तळव्याकडे जायचं. मी डोक्याला वायरी लावून रोज तेच करत बसायचो. आवळ, मध, खाली, करंगळी. आधी आवळणं आलं. मग मधलं बोट वेगळं व्हायला लागलं. करंगळी फार हट्टी, सगळ्यांच्या आधी मिटायची. घरी बायकोने दुसरा हातमोजा गोठ्यात खुंटीला टांगला. म्हशीने तो हुंगला, एकदा चाटला आणि तोंड फिरवलं. मग मी आधी हातमोजा आणि नंतर म्हैस, असं करायला लागलो. एक दिवस उजव्या हाताखाली चरवीत दोन थेंब पडले. मी कुणाला सांगितलं नाही, पण रात्रीचं जेवण स्वतःच्या हाताने जेवलो.

पौष लागला तरी हात पूर्ण आला नव्हता. बाजार भरायच्या आधीच मुरबाडचा एक व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. बायकोने त्याला फार आधी, लाथ बसली त्याच आठवड्यात, निरोप पाठवलेला होता. मला वाटलं ती त्याला परत पाठवेल. तिने त्याला बसायला घोंगडी टाकली.  अट तिची होती आणि हात अजून अर्धाच होता. व्यापाऱ्याने एक भाव सांगितला, पण म्हैस घेणारा माणूस समोर धार काढून बघितल्याशिवाय भाव पक्का करत नाही. तो म्हणाला, "वहिनी, धार दाखवा."

बायको दोरी घ्यायला निघाली. मी म्हटलं, "राहू दे. मी बसतो."

म्हशीचे पाय न बांधता मी बसलो. कास धुतली. डाव्या हाताची धार लागली, तशी मी उजव्या हाताने पुढचा सड धरला. आवळला. पहिली धार चरवीच्या बाहेर जमिनीवर गेली. दुसरी माझ्या गुडघ्यावर. तिसरी चरवीत पडली, आणि मग पडतच गेली. डाव्या हातासारखी जाड नाही, बारीक, मध्येच अडखळणारी. पण एक डावी, एक उजवी, एक डावी, एक उजवी. म्हशीने दूध चोरलं नाही. चरवी फेसाने वर यायला लागली तसा व्यापारी उठून जवळ आला. त्याचे डोळे चकाकले. त्याने आधी सांगितलेला भाव आपणहून वाढवला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो. जेवढी चांगली धार काढीन तेवढी म्हैस लवकर जाईल. हात थांबवावा असं क्षणभर वाटलं. पण हाताला थांबवायचं माझ्याने होईना. इतक्या महिन्यांनी तो चालला होता.

व्यापाऱ्याने भाव आणखी वाढवला आणि म्हशीचं दावं सोडायला हात पुढे केला. बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला.

"म्हैस द्यायची नाय," ती म्हणाली.

"वहिनी, तुमीच निरोप धाडलात ना. आता असं कसं?"

"धाडला होता. तवा ह्यांचा हात मेलेला होता." ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. "आता तू म्हैस नेशील रे भाऊ, मग ह्यांचा हात शिकंल कुणाच्या कासेला?"

 व्यापाऱ्याने माझ्या हाताकडे पहिल्यांदा नीट बघितलं, थरथरणारी करंगळीसुद्धा त्याला दिसली असावी. मग त्याने दाव्यावरचा हात मागे घेतला आणि घोंगडीवर जाऊन बसला. बायको त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

मागचे दोन सड बाकी होते. मी हात एकदा धोतराला पुसला आणि उजव्या हातापासून सुरुवात केली.